एका कोंबाची साडेसहा हजार झाडे

विद्यार्थी मित्रहो, आज घरात केळे असेल तर ते खाण्यापूर्वी एक छोटेसे काम करा. सोललेले केळे मधोमध आडवे कापा आणि कापलेला भाग उजेडात धरून नीट पाहा. गराचे तीन भाग दिसतील आणि मध्याजवळ बारीक तपकिरी ठिपके दिसतील. हे ठिपके म्हणजे बी होता होता राहून गेलेली बीजांडे. आंब्याला कोय असते, पपईत मूठभर बिया असतात, पण आपण खातो त्या केळ्यात पेरता येईल असे बी नसते. मग चेंबूर स्टेशनबाहेर हातगाड्यांवर रोज केळ्यांची जी रास लागते, तिची झाडे येतात कोठून?

प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या उत्तरामागे शंभर वर्षांचे संशोधन आहे. त्या संशोधनातला एक महत्त्वाचा भाग आपल्या चेंबूरपासून जेमतेम काही किलोमीटरवर पार पडला आहे.

बी का नाही?

बहुतेक प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात. एक आईकडून आलेला, दुसरा वडिलांकडून. पुढची पिढी निर्माण होताना या दोन संचांची समान वाटणी होते. रानकेळीच्या पेशीत ११ गुणसूत्रांचे असे दोनच संच असतात, म्हणून तिची फळे टणक बियांनी भरलेली असतात. आपल्या बाजारातील बासराई किंवा ग्रँड नैन या जातींत मात्र तीन संच आहेत, म्हणजे एकूण ३३ गुणसूत्रे. तीन संचांचे दोन सारखे वाटे करायचे कसे? वाटणीच बिघडते आणि बी तयार होत नाही. गर मात्र बीजधारणेवाचूनही भरतो. हा आपला फायदा! पण झाडाची मोठी अडचण.

झाडाने या अडचणीवर तोड काढली आहे. जमिनीखालच्या कंदावर कोंब फुटतात आणि मातेच्या बुडाशी उभे राहतात. शेतकरी त्यांना मुनवे म्हणतात. मुनवा कंदासह खणून काढायचा आणि दुसरीकडे लावायचा, ही लागवडीची जुनी रीत. यात एक गोष्ट ध्यानात घ्या. मुनवा हे मातेचे मूल नव्हे, मातेचाच तुकडा आहे. तिचे सारे गुण त्यात जसेच्या तसे उतरतात.

मात्र गुणांबरोबर दुखणीही येतात. कंदाला चिकटून सूत्रकृमी येतात, सोंडकिड्याची अंडी येतात, रसातून विषाणू येतात. शिवाय एका झाडापासून वर्षाकाठी लावण्याजोगे मुनवे मिळणार ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एखादे उत्तम झाड सापडले तरी त्याची एकरभर बाग व्हायला काही वर्षे जातात. म्हणून शास्त्रज्ञांनी दुसरी वाट शोधली. कोंबाचा लहानसा तुकडा काचेच्या बाटलीत वाढवायचा आणि त्यापासून हजारो रोपे करायची. याला ऊतिसंवर्धन म्हणतात. शेतकऱ्यांच्या तोंडी मात्र ‘टिश्यू कल्चर’ हाच शब्द बसला आहे.

मामेभावाचा प्रश्न

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध कुंडीतल्या तुळशीपुरता. पण माझा मामेभाऊ रावेर तालुक्यात केळी पिकवतो. काही वर्षांपूर्वी त्याने एका रोपवाटिकेतून टिश्यू कल्चरची रोपे आणून एकरभर लागण केली. दहाव्या महिन्यात मी त्याच्याकडे गेलो तेव्हा बाग डोक्यावर गेली होती आणि घड लोंबत होते. पण रांगेत मधूनच एखादे झाड कमरेएवढेच राहिले होते. पाने आखूड, एकमेकांत दाटलेली, आणि घड जणू बुंध्यातच अडकून बसलेला. मामेभावाने मला अशा एका झाडापाशी नेऊन उभे केले.

“भाऊ, तू शास्त्राचा मास्तर. ही सारी रोपं एकाच आईची म्हणून दिली होती मला. मग हे झाड कोणाचं?”

कोणते शास्त्र, हे त्याच्या दृष्टीने गौण होते. मला तेव्हा उत्तर देता आले नाही. त्या बुटक्या झाडांनीही इतर झाडांइतकेच पाणी, खत आणि दहा महिने घेतले होते. मुंबईला परतल्यावर मी पुस्तके उघडली. पुढे जे लिहिले आहे, ते त्या वाचनातून आलेले त्याच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

अणुकेंद्रात केळी कशाला?

चेंबूरहून सायन-ट्रॉम्बे रस्त्याने निघाले की पुढे अणुशक्तिनगर आणि त्यापलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र लागते. १९५४ साली ट्रॉम्बे येथे अणुशक्ती संस्था स्थापन झाली आणि डॉ. होमी भाभांच्या निधनानंतर, १९६७ साली, तिला त्यांचे नाव देण्यात आले. अणुभट्ट्यांच्या या केंद्रात शेतीचे संशोधनही चालते, हे सांगितले की माझे विद्यार्थी चकित होतात. पण त्यात नवल नाही. किरणोत्सारी अणूंच्या साहाय्याने झाडाने खत कोठे नेले याचा माग काढता येतो. गॅमा किरणांनी बियाण्याच्या गुणसूत्रांत बदल घडवून नव्या जाती निवडता येतात. ट्रॉम्बेच्या भुईमुगाच्या आणि कडधान्यांच्या जाती अशाच तयार झाल्या आहेत.

याच केंद्रात ऊतिसंवर्धनाचेही काम झाले. पी. एस. राव, व्ही. ए. बापट व त्यांच्या सहकाऱ्यांनी चंदनाच्या पेशींपासून रोपे तयार केली. केळीच्या बासराई, श्रीमंती, लाल केळी, सफेद वेलची अशा जातींची रोपे बाटलीत वाढवण्याची पद्धत येथे बसवण्यात आली आणि ती अकोल्याच्या महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळाला, म्हणजे ‘महाबीज’ला, देण्यात आली. १९९० च्या दशकात जळगावच्या जैन इरिगेशनने ग्रँड नैन जातीची टिश्यू कल्चर रोपे शेतकऱ्यांपर्यंत नेली आणि खानदेशातील केळीचे चित्रच पालटले.

गंमत पाहा. एकाच केंद्रात एकीकडे गॅमा किरणांनी मुद्दाम बदल घडवायचा, तर दुसरीकडे बाटलीत तिळमात्र बदल होऊ नये म्हणून जपायचे! या दुसऱ्या कामातली किल्ली म्हणजे वनस्पतींची संजीवके.

गवताचे टोक आणि अगरचा तुकडा

संजीवक म्हणजे काय? झाडाच्या एका भागात तयार होणारे आणि दुसऱ्या भागाला ‘वाढ’, ‘थांब’, ‘मूळ फोड’ असे निरोप देणारे रसायन. अन्न वेगळे आणि संजीवक वेगळे. अन्न लागते ते ग्रॅममध्ये, संजीवक लागते मिलिग्रॅममध्ये किंवा त्याहूनही कमी.

डार्विनचे नाव तुम्हाला उत्क्रांतीमुळे ठाऊक आहे. त्याने आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस याने गवताच्या कोवळ्या अंकुरांवर प्रयोग केले व ते १८८० साली पुस्तकात मांडले. अंकुर उजेडाकडे वाकतो, पण त्याचे टोक झाकले तर वाकत नाही. वाकणारा भाग मात्र टोकाच्या खाली असतो. म्हणजे टोकाकडून खाली काहीतरी निरोप जात असला पाहिजे.

हा निरोप हाती लागला तो हॉलंडमध्ये, फ्रित्स व्हेंट या तरुणाच्या. १९२६ च्या सुमारास त्याने ओटच्या अंकुराची टोके कापून ती अगरच्या तुकड्यावर ठेवली. अगर म्हणजे घरी जेली करायला आणतो ते चायना ग्रास. काही वेळाने टोके काढून टाकली आणि नुसता अगरचा तुकडा बिनटोकाच्या अंकुरावर एका बाजूला ठेवला. अंकुर दुसऱ्या बाजूला वाकला! टोकातले रसायन अगरमध्ये उतरले होते. त्या रसायनांना पुढे ऑक्झिन हे नाव मिळाले.

जुन्या बाटलीची करामत

तिकडे ऑस्ट्रियाच्या हाबरलांट या शास्त्रज्ञाने १९०२ सालीच एक धाडसी कल्पना मांडली होती. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीत संपूर्ण झाड घडवण्याची योजना असली पाहिजे, आणि योग्य परिस्थिती मिळाली तर एका पेशीपासून झाड व्हायला हवे. त्याने पानाच्या पेशी द्रावणात ठेवल्या. त्या काही दिवस जगल्या, पण एकही विभागली नाही. कल्पना बरोबर होती, संजीवके मात्र त्याच्या हाती नव्हती.

१९४० नंतर असे दिसून आले, की माध्यमात नारळाचे पाणी घातले तर पेशी विभागू लागतात. शहाळ्यातल्या पाण्यात असे काय असावे? अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात फोक स्कूग आणि कार्लोस मिलर याच शोधात होते. त्यांनी अनेक पदार्थ तपासले. एके दिवशी हेरिंग माशाच्या शुक्रपेशींपासून काढलेल्या डीएनएची एक जुनी बाटली त्यांनी वापरून पाहिली आणि तंबाखूच्या पेशी भराभर विभागू लागल्या. आनंदाने नवी बाटली मागवली, तर तिचा काही उपयोग होईना! मग लक्षात आले, की जुन्या बाटलीतला डीएनए पडून पडून विघटन पावला आहे. ताजा डीएनए वाफेच्या दाबाखाली तापवला, तेव्हा त्यातूनही तेच द्रव्य निघाले. १९५५ साली त्याला कायनेटिन हे नाव दिले गेले. या गटाला पुढे सायटोकायनिन म्हणू लागले. नारळाच्या पाण्यात आणि मक्याच्या कोवळ्या दाण्यातही याच गटातली संजीवके आहेत.

खरी मेख पुढे आहे. १९५७ साली स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूच्या पेशींना दोन्ही संजीवके वेगवेगळ्या प्रमाणात देऊन पाहिली. ऑक्झिन जास्त आणि सायटोकायनिन कमी असेल, तर मुळे फुटतात. सायटोकायनिन जास्त आणि ऑक्झिन कमी असेल, तर कोंब फुटतात. दोन्ही मध्यम प्रमाणात असतील, तर ना मूळ ना कोंब. नुसता पेशींचा गोळा वाढत राहतो. त्याला कॅलस म्हणतात.

मी गणित-विज्ञानाचा माणूस, त्यामुळे मला हा शोध फार सुंदर वाटतो. पेशीने मूळ व्हावे की कोंब, हे कोण्या एका ‘मूळ-रसायना’वर किंवा ‘कोंब-रसायना’वर ठरत नाही. ते दोन राशींच्या गुणोत्तरावर ठरते. शाळेत गुणोत्तर-प्रमाण शिकताना कंटाळा येतो ना? झाड मात्र जन्मभर तेच गणित सोडवत असते.

बाटलीत काय चालते?

आता केळीकडे वळू. प्रथम मातृवृक्ष निवडायचा. घड भारी, झाड निरोगी, रोगाचा मागमूस नाही. त्याचा मुनवा काढून धुवायचा आणि कांदा सोलावा तशी एकेक पापुद्र्याची आवरणे काढत आत जायचे. शेवटी उरतो तो वाढीचा टोकभाग, साधारण एक सेंटिमीटरचा. तो जंतुनाशक द्रावणात बुडवून निर्जंतुक करायचा. कापलेले वांगे काळे पडते तसा हा तुकडाही काळा पडू लागतो, म्हणून काही ठिकाणी ‘क’ जीवनसत्त्वाच्या द्रावणात ठेवतात.

बाटलीत त्याच्यासाठी जेवण तयार असते. ते माध्यम मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली बसवले. त्यात नायट्रोजन, पोटॅशियम, कॅल्शियम, लोह अशी क्षारद्रव्ये, थोडी जीवनसत्त्वे, दर लिटरला ३० ग्रॅम साखर आणि घट्टपणासाठी अगर असते. साखर कशाला? कारण बाटलीतले हे बाळ स्वतःचे अन्न अजून पुरेसे तयार करू शकत नाही. पण या गोड जेवणावर बुरशी आणि जिवाणूही टपलेले असतात. म्हणून बाटल्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे एका मोठ्या प्रेशर कुकरमध्ये, १२१ अंश सेल्सियसला पंधरा-वीस मिनिटे तापवतात. तुकडे भरण्याचे काम एका विशेष टेबलावर चालते. त्यावरून गाळलेल्या हवेचा संथ, एकाच दिशेचा झोत वाहत असतो. त्याची गाळणी ०.३ मायक्रोमीटरचे कणही अडवते. बहुतेक जिवाणू त्याहून मोठे असल्याने अडकतात.

मग येतात संजीवके. कोंब हवे आहेत, म्हणून सायटोकायनिनचे पारडे जड ठेवायचे. केळीसाठी बेंझिल अमिनो प्युरीन हे सायटोकायनिन दर लिटरला सुमारे ५ मिलिग्रॅम घालतात. किती थोडे, याचा हिशेब करा. चहाचा एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम पूड घेतली, तर ती १००० लिटर माध्यमाला पुरेल. प्रत्येक बाटलीत ४० मिलिलिटर माध्यम घातले, तर २५,००० बाटल्या झाल्या!

बाटल्या २५ अंश तापमानाच्या खोलीत, दिव्यांच्या उजेडात मांडणीवर ठेवतात. एरवी टोकाचा कोंब ऑक्झिनच्या जोरावर बाजूच्या कळ्यांना दाबून ठेवतो. सायटोकायनिन ते दडपण उठवते आणि बाजूच्या कळ्या जाग्या होतात. तीन-चार आठवड्यांनी बाटलीत एकाच्या जागी कोंबांचा झुबका दिसतो. तो सोडवून प्रत्येक कोंब नव्या बाटलीत ठेवायचा. पुन्हा झुबका, पुन्हा सोडवणूक.

दर फेरीला एकाचे तीन कोंब होतात असे धरू. पहिल्या फेरीला ३, दुसरीला ९, तिसरीला २७. ही भूमिती श्रेणी तुम्ही ओळखली असेलच. आठव्या फेरीअखेर ३ चा आठवा घात, म्हणजे ६५६१ कोंब होतात. आठ-नऊ महिन्यांत एका टोकापासून साडेसहा हजार!

पुरेसे कोंब झाले की पारडे उलटे करायचे. सायटोकायनिन काढून टाकायचे आणि ऑक्झिनच्या माध्यमात कोंब ठेवायचे. आता त्यांना मुळे फुटतात. तेच कोंब, तीच साखर, तेच क्षार; बदलले ते फक्त गुणोत्तर.

बाहेरच्या जगाची सवय

मुळे फुटली म्हणजे रोप शेतात जायला तयार झाले असे नाही. बाटलीतली हवा बाष्पाने भरलेली असते. अशा हवेत वाढलेल्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो आणि त्यांची रंध्रे नीट मिटत नाहीत. बाटलीतून काढून थेट उन्हात ठेवले, तर बाष्पीभवनाने रोप काही तासांत माना टाकील. म्हणून आधी दमट हरितगृहात, मग शेडनेटच्या सावलीत पिशव्यांतून, अशी हळूहळू सवय लावतात. यात साधारण दोन महिने जातात.

असे रोप लावले की सुमारे ११-१२ महिन्यांत घड काढणीस येतो. मुनव्याच्या बागेला याहून बरेच अधिक दिवस लागतात. शिवाय सारी झाडे एका वयाची असल्याने बाग जवळजवळ एकदम कापणीला येते. दीड मीटर अंतरावर लावली, तर एकरी सुमारे १८०० झाडे बसतात.

मग ते झाड कोणाचे?

आता मामेभावाचा प्रश्न. एकाच आईची रोपे, मग काही बुटकी का?

पेशी विभागते तेव्हा तिला आपल्या डीएनएची नक्कल करावी लागते. नकला करताना क्वचित चूक होते. तुम्ही वहीतला धडा एकदा उतरवलात तर चुका कमी होतील. पण उतरवलेल्यावरून पुन्हा उतरवले, त्यावरून पुन्हा, असे वीस वेळा केले, तर मूळ धड्यात नसलेल्या चुका साचत जातील. बाटलीतही असेच होते. फेऱ्या जितक्या अधिक, तितकी चुकांची शक्यता अधिक. आधीपासून असलेली कळी वाढण्याऐवजी भलत्याच जागी नवी कळी फुटली किंवा मध्ये कॅलस झाला, तर ही शक्यता आणखी वाढते. सायटोकायनिनचे प्रमाण अवाजवी वाढवले तर नेमके हेच घडू शकते.

मोह कोठे आहे, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल. आठव्या फेरीला ६५६१ कोंब झाले. आणखी दोनच फेऱ्या केल्या तर ५९,०४९ होतात. संजीवक थोडे वाढवले तर झुबका आणखी दाट होतो. नव्या मातृवृक्षापासून पुन्हा सुरुवात करण्यापेक्षा हे किती सोपे! पण बिघडलेली रोपे बाटलीत किंवा पिशवीत सहसा ओळखू येत नाहीत. कॅव्हेंडिश गटातल्या केळीत बुटकेपणा हा सर्वांत जास्त आढळणारा बिघाड आहे, आणि तो दिसतो शेतात, शेतकऱ्याचे पैसे खर्च झाल्यावर. म्हणून चांगल्या प्रयोगशाळा साधारणपणे सात-आठ फेऱ्यांनंतर थांबतात आणि नवा कोंब घेतात. मामेभावाच्या शेतातली ती झाडे त्याच आईची होती. फक्त वाटेत कोठेतरी नक्कल चुकली होती आणि ती कोणी पाहिली नव्हती.

दुसरा धोका विषाणूंचा. मातृवृक्षात विषाणू असेल तर तो कोंबातून बाटलीत येऊ शकतो, आणि मग कोंबांबरोबर त्याच्याही हजारो प्रती होतात. बाटली निर्जंतुक असली तरी पेशीच्या आत बसलेल्या विषाणूला जंतुनाशक पोहोचत नाही. केळीच्या हरण्या रोगाचा, म्हणजे कुकुंबर मोझॅकचा, विषाणू मावा किडीमार्फतही पसरतो आणि कोवळी टिश्यू कल्चर रोपे त्याला लवकर बळी पडतात. २०२० साली रावेर-यावल भागात या रोगाने अनेक शेतकऱ्यांना उभी रोपे उपटून टाकावी लागली. म्हणून मातृवृक्षाची विषाणू-चाचणी आधी करावी लागते. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून टिश्यू कल्चर रोपांच्या प्रमाणीकरणाची राष्ट्रीय पद्धती सुरू केली आहे. तिच्यात प्रयोगशाळेला मान्यता दिली जाते आणि रोपे विषाणूमुक्त व जातिवंत आहेत का, हे तपासले जाते. मामेभावाला मी हेच सांगितले. रोपे घेताना दर विचारण्याआधी प्रमाणपत्र विचार.

तिसरी गोष्ट अशी, की नक्कल बिनचूक झाली तरी एक जोखीम उरतेच. सारी झाडे सारखी असतील, तर एका झाडाला मारणारा रोग सर्वांना मारू शकतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगाच्या बाजारात ग्रॉस मिशेल नावाच्या केळ्याचे राज्य होते. पनामा मर या बुरशीजन्य रोगाने त्याच्या बागा बसवल्या आणि १९६० च्या दशकापर्यंत व्यापारातली त्याची जागा कॅव्हेंडिश गटाने घेतली. आता त्याच बुरशीचा एक नवा प्रकार कॅव्हेंडिशवरही उठला आहे आणि तो भारतात बिहार व उत्तर प्रदेशातही आढळला आहे. म्हणून लाल केळी, सफेद वेलची, राजेळी अशा जुन्या जाती जपून ठेवणे हे केवळ चवीचे काम नाही.

चूक नेहमी वाईटच का?

नाही! आपल्या द्राक्षांकडे पाहा. द्राक्षवेलही काडीपासून, म्हणजे नकलेनेच वाढवतात. थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या जातीच्या मळ्यात सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे शेतकरी नानासाहेब काळे यांना लांबट मण्यांचा एक वेगळा वेल दिसला. निसर्गात आपोआप झालेली ही नकलेची चूक. त्यांनी ती उपटून टाकली नाही. तिच्यापासून ‘सोनाका’ ही प्रसिद्ध जात आली. सांगली जिल्ह्यातील तासगाव भागातली ‘तास-ए-गणेश’ ही जातही थॉमसन सीडलेसमधून शेतकऱ्यानेच निवडलेली. फरक एवढाच, की येथे वेगळेपण पाहिले गेले, पारखले गेले आणि मगच वाढवले गेले. न पाहता वाढवलेले वेगळेपण दुसऱ्याच्या शेतात नुकसान बनून उगवते.

तुम्ही करून पाहा

पहिला प्रयोग : सारख्या उंचीच्या तुळशीच्या दोन कुंड्या घ्या. एकीचा शेंडा खुडा, दुसरीचा तसाच ठेवा. तीन आठवडे दर रविवारी बाजूच्या फांद्या मोजून वहीत लिहा. शेंड्यातून येणारे ऑक्झिन थांबले की काय होते, ते आकड्यांत दिसेल.

दुसरा प्रयोग : चायना ग्रास आणि साखर घालून पातळ जेली करा व झाकणाच्या दोन काचेच्या बरण्यांत घाला. एक बरणी झाकण सैल ठेवून मोठ्यांच्या मदतीने कुकरमध्ये वीस मिनिटे वाफवा आणि थंड झाल्यावर झाकण घट्ट करा. दुसरी तासभर उघडी ठेवून मग बंद करा. आठवडाभर रोज काचेतून पाहा. बुरशी आलेली बरणी मात्र उघडून हुंगू नका. पुन्हा वाफवून मगच धुवा.

आणि शेवटी एक गणित. एका प्रयोगशाळेकडे २० निरोगी मातृकोंब आहेत. दर फेरीला एकाचे तीन होतात आणि आठ फेऱ्यांनंतर थांबायचे असा नियम आहे. एकरी १८०० रोपे लागतात. तर किती एकर बाग उभी राहील? उत्तर काढा, आणि मग मनाशी विचारा, की यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा कोणता? २०, ३, १८०० की ८? मामेभावाने विचारले, तर मी आठच सांगीन.